एकशेदहा-सत्तर

त्या सकाळी मी जरा जास्तच बोलत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना गुण. नर्सिंगच्या शाळेत होस्टेलच्या बाई त्यावरून मला रोज फैलावर घ्यायच्या. पण त्या दिवशी बोलता बोलता मी आठ महिन्यांच्या एका गरोदर मुलीला डोकेदुखीच्या दोन गोळ्या देऊन गड चढायला पाठवलं, आणि त्यानंतर तासभर माझी बडबड चालूच राहिली.

चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा होती, विवळवेढ्याची. देऊळ पायथ्याला आणि देवीचं जुनं ठाणं वर गडावर. जत्रेत दरवर्षी आरोग्य खात्याचा एक मांडव पडतो आणि दरवर्षी त्यात बसायला उपकेंद्राची नर्स उचलून आणतात, म्हणजे मी. तलासरीकडच्या सात-आठ पाड्यांवर फिरायचं, गरोदर बाया तपासायच्या, पोरांना लसी टोचायच्या, हे माझं नेहमीचं काम. ते काम जत्रेत थांबत नाही, नुसतं पाठीवर बसून येतं. म्हणून मी गरोदर बायांचं रजिस्टर बरोबर आणलं होतं. गर्दी ओसरली की त्यातले आकडे एकेक करून मोबाइलवर भरायचे, असा माझा बेत होता.

मांडवात माझ्याबरोबर माझी जुनी मैत्रीण होती, डहाणूकडच्या सरकारी रुग्णालयात लेबर रूमला असते ती. आणि दर्शनाला म्हणून आलेली तिसरी आमच्यात येऊन बसली होती. ती हद्दीपलीकडे, गुजरातेत, एका खासगी रुग्णालयात आयसीयूला आहे. रोज अच्छाडच्या नाक्यावरून जाते आणि येते, त्यामुळे तिचं मराठी आता निम्मं गुजराती झालंय. तिघी एकाच वर्षी शिकून बाहेर पडलो. तीन नर्सा एकत्र बसल्या की दोनच विषय निघतात, कोणाचे पाय जास्त दुखतात आणि कोणाचं काम जास्त कठीण. दुसऱ्या विषयाला आमची नुकती सुरुवात झाली होती, तेवढ्यात ती मुलगी आली.

"बाय, डोका जाम दुखतं. गोळी दे ना."

मी तिला ओळखलं. माझ्याच एका पाड्यावरची, विशीची, पहिलटकरीण. नवऱ्याबरोबर हद्दीपलीकडच्या वीटभट्टीवर काम करायची, जत्रेसाठी म्हणून पंधरा दिवस आधीच गावी आली होती. नवरा बाजूला उभा होता. सासू जरा लांब, नारळाच्या दुकानापाशी होती.

"कधीपासून दुखतंय?"

"काल सांजपासून. डोळ्यापुढं चमकतं पन."

सकाळपासून आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाचं डोकं दुखत होतं. ऊन असं की मांडवाची ताडपत्री हाताला चटके देत होती. तिचं तोंड मला किंचित सुजल्यासारखं वाटलं, तेही मी उन्हाच्याच नावावर टाकलं. पण मी अगदीच डोळे मिटून गोळी दिली असं नाही. मी रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढची ओळ शोधली. आठच दिवसांपूर्वी तिच्या पाड्यावर तपासणी झाली होती आणि बीपीच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, एकशेदहा-सत्तर.

"बीपी तर छान आहे तुझं," मी म्हणाले. "ऊन लागलंय. पाणी पी भरपूर."

मांडवातलं बीपीचं मशीन माझ्या उजव्या हाताला होतं, वीतभर अंतरावर. मागे बारा-पंधरा माणसं रांगेत उभी होती.

"वर जाऊ का मी?" तिनं विचारलं. "गडावर?"

"जा की. हळू जा. देवीच्या दारी जाताना कसली भीती?"

ती हसली, गोळ्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि गेली.

लेबर रूमवालीनं पाय टेबलाच्या दांडीवर टेकवले आणि आपलं गाऱ्हाणं पुढे सुरू केलं. एका खाटेवर दोन-दोन बाया, तिसरी जमिनीवर, बाहेर नातेवाईकांचा गलका. एकीचं डोकं दिसायला लागतं आणि त्याच वेळी दुसरीला रक्तस्राव सुरू होतो. आठ तास उभं राहून पायाच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्यात, असं म्हणत तिनं साडी घोट्यापर्यंत उचलून दाखवलीसुद्धा. "आणि तुम्ही उपकेंद्रवाल्या," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सगळं निस्तरायला आमच्याकडे पाठवता. वर हात झटकून मोकळ्या."

"मी? मी पाठवते ती बाई धडधाकट असते," मी म्हणाले. "तुझ्या खाटेवर गेल्यावर काय होतं तिचं, ते तू बघ."

आयसीयूवाली हसली. तिचं दुखणं वेगळं. बारा तास गार हवेत, काचेच्या आड. बोलणारं कोणी नाही, पेशंटच्या तोंडात नळी. मशीनचा आवाज घरी झोपेतसुद्धा कानात वाजतो. "एक पेशंट बरा होऊन गेला, सात दिवस मी त्याचं सगळं केलं. जाताना मला ओळखलं पण नाही, बोल," ती म्हणाली. "तुला तर पाड्यावरचं कुत्रंसुद्धा ओळखतं ने?"

तिथे मी फुशारले. हो, ओळखतं, म्हणाले. कुत्रं ओळखतं, कोंबड्या ओळखतात. रणरणत्या उन्हात लसींचा डबा खांद्याला लावून मी एका दिवसात तीन पाडे करते, चाळीस बाया दुपारच्या आत तपासून मोकळी होते. तुम्हाला डॉक्टर आहे हाताशी, औषध आहे, मशीन आहे. मला कोण आहे? मी आणि माझी चप्पल. आणि तरी इतक्या वर्षांत माझ्या यादीतली एक बाई दगावली नाही. एक नाही!

हे शेवटचं मी टेबलावर थाप मारून म्हणाले. लेबर रूमवालीनं माझं बोलणं कानामागे टाकलं. आयसीयूवालीनं वारा घ्यायला म्हणून माझं रजिस्टर उचललं होतं. वारा घेता घेता ती थांबली, पान उघडलं आणि वाचायला लागली.

तिला ती सवयच आहे. आकडे दिसले की वाचायचे. बोटानं एक रकाना वरून खाली बघत गेली, पान उलटलं, पुन्हा वरून खाली. सात-आठ पानं झाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही, पण गेलं हे कळलं.

"हे सगळं तू मोजलंस?"

"मग काय तुझ्या सासूनं?"

"एकशेदहा-सत्तर. एकशेदहा-सत्तर. एकशेबारा-बहात्तर. एकशेदहा-सत्तर." ती हळू आवाजात वाचत होती. "अगं, माणसांचे आकडे असे नसतात. माझ्याकडे एका पेशंटचा आकडा तासभर असा सरळ राहिला ना, तर मी पेशंटकडे बघत नाही, वायर निसटली का ते बघते."

मी काहीतरी उडवाउडवीचं बोलले. आमच्या बाया अशाच असतात, काटक, बीपी कमीच असतं सगळ्यांचं. ते खोटं नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि लेबर रूमवालीनंही पाय खाली घेतले.

मग मी सांगितलं. उपकेंद्राचं मशीन दोन महिन्यांपासून बंद होतं. पट्ट्याच्या आतली पिशवी फुटली होती, हवा धरत नव्हती. मी वर कळवलं होतं, तोंडी. लेखी द्यायचं राहून गेलं. नवं येईल, येईल म्हणत पहिला आठवडा गेला. पट्टा बांधला नाही तर बाया म्हणायच्या, बाय, आज तपासलंच नाय. म्हणून मी पट्टा बांधायचे. फुगा दाबायचे, फुस्स करून हवा जायची, मी मान हलवायचे आणि लिहायचे. सगळीकडे एकच आकडा डोळ्यावर येईल म्हणून मधूनच एकशेबारा. पहिल्या दिवशी लिहिताना हात अडखळला होता. दुसऱ्या आठवड्यात अडखळला नाही.

सांगता सांगता मला दिसलं की मी काय केलं आहे. खोटं लिहिलं, ते तर होतंच. पण मघाशी त्या मुलीचं डोकं दुखत होतं, डोळ्यापुढे चमकत होतं, तोंडावर सूज होती, आणि मी रजिस्टर उघडून माझाच बनवलेला आकडा वाचून निर्धास्त झाले होते. दुसऱ्याला फसवणारी माणसं असतात. स्वतःची थाप स्वतःच खरी मानून एखाद्या बाईला डोंगरावर धाडणारी मी पहिलीच असेन.

"ती मघाची," लेबर रूमवाली एकदम उभी राहिली. "डोकेदुखीवाली. कितवा महिना?"

"आठवा."

तिनं गडाकडे बघितलं. गरोदरपणात बीपी चढलं तर आधी डोकं दुखतं, डोळ्यापुढे चमकतं, तोंड सुजतं. मग झटका येतो आणि झटका आला की आई आणि मूल दोघांचं काही खरं नसतं. हे शाळेतलं पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. आम्हा तिघींना ते एकमेकींना सांगायची गरज नव्हती.

लेबर रूमवाली ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला शोधायला गेली. मी मशीन उचललं आणि आयसीयूवाली माझ्याबरोबर निघाली. पायऱ्यांवर माणसांची रीघ लागलेली. कोणी नवसाचा कोंबडा काखेत घेतलेला, कोणी पोराला खांद्यावर बसवलेलं. ढोल वाजत होता. वर चढणाऱ्या प्रत्येक पाठीकडे मी बघत होते आणि प्रत्येक पाठ तिचीच वाटत होती. उतरणाऱ्या दोन बाया माझ्या ओळखीच्या निघाल्या, "बाय, तूपन आलीस का दर्शनाला?" म्हणून थांबल्या. त्यातलीही एक गरोदर होती, माझ्याच रजिस्टरातली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला आणखी भीती वाटली. किती जणींना शोधणार होते मी त्या गर्दीत?

"खाली मांडवात जाऊन बस," मी तिला म्हणाले. "हलू नको तिथून." ती घाबरली. मी थांबले नाही.

निम्म्याहून वर गेल्यावर नवरा दिसला. कुंपणाच्या दगडाला टेकून ती बसली होती, डोकं दोन्ही हातांत धरून. पदराच्या टोकाची गाठ सुटलेली होती, म्हणजे गोळ्या घेऊन झाल्या होत्या. सासू वर निघून गेली होती.

"बाय," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही दोघी सारख्याच का दिसता?"

आम्ही दोघी होतो हे खरं. पण ती आयसीयूवालीकडे बघतच नव्हती. तिला मीच दोनदा दिसत होते.

मी पट्टा बांधला. तो उलटा बसला, तसा आयसीयूवालीनं माझ्याकडून काढून घेतला आणि स्वतः नीट बांधला. मशीन घरघरलं, हवा भरत गेली, भरतच गेली. मग आकडा आला, एकशेचौऱ्याऐंशी आणि खाली एकशेवीस. तिनं तो मोठ्यानं वाचला नाही, नुसता माझ्याकडे वळवला.

चार माणसांनी तिला चादरीच्या झोळीत घालून खाली आणलं. ढोलवाल्यांनी वाट करून दिली. खाली पोचेपर्यंत मी तिच्याशी बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं आणि तिला झटका आला. दात घट्ट मिटले, डोळे वर गेले, सगळं अंग ताठ. नवरा दाराच्या काचेवर हात आपटत होता. लेबर रूमवालीनं तिला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, कमरेच्या दोन्ही बाजूंना झटका थांबवायची इंजेक्शनं दिली. मघाशी मी ज्या बाईला टोमणे मारत होते, त्या बाईनं त्या दिवशी माझ्या यादीतली बाई वाचवली.

मूल वाचलं नाही. मुलगी होती.

आई दीड दिवस शुद्धीत नव्हती. लेबर रूमवालीच्याच रुग्णालयात डॉक्टरांनी तिचं कार्ड मागितलं. नवऱ्याच्या पिशवीतून ते मी काढून दिलं. कार्डही मीच भरलेलं होतं, रजिस्टरातल्याच आकड्यांनी. त्यांनी शेवटची तपासणी बघितली, भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "आठ दिवसांपूर्वी अगदी नॉर्मल. म्हणजे अचानक चढलं. सिस्टर, वेळेवर शोधलंत तुम्ही." आणि केसपेपरवर त्यांनी तसंच लिहिलं, अचानक. मी ते वाचलं आणि कार्ड परत पिशवीत ठेवलं. माझ्या खोट्या आकड्यानं त्या मुलीला डोंगरावर पाठवलं होतं आणि आता तोच मला पाठीशी घालत होता.

बाहेर व्हरांड्यात लेबर रूमवाली मला म्हणाली, "गप्प बस आता. बाई वाचली ना? मशीन बंद होतं, हे काय तुझ्या एकटीचं पाप आहे? आमच्याकडे काय सगळं खरं लिहितात? तू बोललीस तर तुझी नोकरी जाईल आणि पाड्यावर दुसरी येईपर्यंत वर्ष जाईल. मग बायांना कोण आहे?" ती वाईट बोलत नव्हती. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. आयसीयूवालीचा संध्याकाळी फोन आला. ती मला रागावली नाही, उपदेशही केला नाही. "बाकीच्या चाळीस जणींचं मोजून झालं का?" एवढंच तिनं विचारलं.

मांडवातलं मशीन मागून घेतलं आणि दोन दिवस पाडे फिरले. सगळ्यांचं बीपी मोजलं, मांडवात बसायला सांगितलेलीचंही. दोघींचं जास्त निघालं, त्यांना लगेच पुढे पाठवलं. तोवर मी सांगेन, सांगेन म्हणत होते. कोणाला सांगायचं, हे मात्र ठरत नव्हतं. डॉक्टरांना, साहेबांना, लेखी की तोंडी? तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले, तेव्हासुद्धा ठरलेलं नव्हतं.

ती शुद्धीवर होती. डोळे कोरडे, ओठ सुकलेले. सासू खाटेपासून लांब, खिडकीखाली जमिनीवर पाठमोरी बसली होती. नवरा औषध आणायला गेला होता. मी जवळ गेले तशी मुलगी कुजबुजली, "बाय, माझी सासू बोलत नाय माझ्याशी." मग सासूच बोलली, भिंतीकडे बघत, मोठ्यानं, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी.

"काय बोलू? देवी गरोदर बाईसाठी गड उतरून खाली आली. जुनी मानसं सांगतात. भारी बाईनं वर चढू नये, खालीच दर्शन घ्यावं, म्हणून आली. आनि ही वर गेली. सांगत होते तरी गेली. पोर खाल्लं स्वतःचं."

"बायनं जा सांगितलं होतं," मुलगी म्हणाली. हे ती आधीही सांगून थकलेली असणार, असं तिच्या आवाजावरून वाटलं.

"बाय कशाला सांगंल?"

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "बाय, माझं बीपी बरं होतं ना? कार्डावर बरं लिहिलं, डॉक्टर बोलले. मग मी चढले म्हणूनच झालं ना?"

तेव्हा मला कळलं की तीन दिवस मी चुकीच्या माणसांचा विचार करत होते. डॉक्टर, साहेब, नोकरी. आणि इथे ही पोर माझ्या आकड्यावरून स्वतःला दोषी धरून बसली होती.

"नाही," मी म्हणाले. "तुझं डोकं आदल्या संध्याकाळपासून दुखत होतं. म्हणजे चढायच्या आधीपासून बीपी वाढलेलं होतं. पाड्यावर मी तुझं बीपी मोजलं नव्हतं. मशीन बंद होतं. पट्टा बांधला आणि आकडा मनानं लिहिला. आणि गडावर जा, हे मीच सांगितलं."

मला वाटलं ती किंचाळेल, थुंकेल, हात उगारेल. त्यातलं काहीही मी गुपचूप सोसलं असतं. तिनं माझं मनगट धरलं.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"मोठ्यानं सांग, बाय. तिला ऐकू जात नाय."

पलीकडच्या खाटेपाशी डॉक्टर एका पेशंटला तपासत होते. दारात लेबर रूमवाली उभी होती आणि माझ्याकडे बघून मानेनं नको, नको म्हणत होती. मी खिडकीपाशी गेले, सासूच्या समोर उभी राहिले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजी, तुमच्या सुनेचं काही चुकलं नाही. मी तिला तपासलं नव्हतं. तपासलं म्हणून खोटं लिहिलं. आणि वर जा म्हणून मीच सांगितलं."

डॉक्टर वळले. म्हातारीनं मान वर केली.

"म्हंजे पोर तुझ्यापायी गेलं?"

"हो," मी म्हणाले.

माझ्या मागे खाटेवर मुलीनं हुंदका दिला, मग दुसरा, मग तिला आवरेना. म्हातारी भिंतीला धरून उठली, माझ्या बाजूनं वाट काढत खाटेपाशी गेली आणि सुनेच्या डोक्याजवळ बसली. शुद्धीवर आल्यापासून मुलगी पहिल्यांदाच रडत होती, असं मला नंतर लेबर रूमवालीनं सांगितलं.